कर्जमुक्तीच्या वाटेवरील जकातनाके

कर्ज बुडविणाऱ्याला दंड व्हावा, ही गोष्ट सामान्य माणसाच्या न्यायबुद्धीला पटण्यासारखी आहे. परंतु कर्ज फेडणाऱ्याला, आणि तेही मुदतीपूर्वी पै न् पै चुकती करून फेडणाऱ्याला दंड व्हावा, ही कल्पना केवळ आधुनिक वित्तव्यवस्थेलाच सुचू शकते. जुना सावकार निदान ऋणको पैसे घेऊन दारात आला म्हणजे तोंडदेखले का होईना, हसत असे. आजची वातानुकूलित पेढी मात्र कर्जदार घराचे गहाण सोडवावयास आला की कपाळाला आठ्या घालते, एक छापील तक्ता त्याच्या पुढ्यात सरकविते आणि मुद्दल, व्याज यांच्याखाली आणखी चार ओळींचे येणे दाखविते. मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क, खाते बंद करण्याचे शुल्क, कागदपत्रे परत देण्याचे शुल्क आणि या सर्व शुल्कांवरील कर! घरात शिरताना 'प्रक्रिया शुल्क' म्हणून एक जकात आणि घर सोडवून घेताना दुसरी. दोन्ही नाक्यांवर पावती फाडणारा एकच.

ही गोष्ट क्षुल्लक आहे, दोन टक्क्यांची आहे, असे समजणारे पुष्कळ आहेत. म्हणून प्रथम या दोन टक्क्यांचा हिशेब मांडला पाहिजे.

दोन टक्क्यांचे मोल

एखाद्या पगारदाराने २० लाख रुपयांचे गृहकर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले आहे, असे धरून चालू. त्याचा मासिक हप्ता सुमारे १७,९९५ रुपये येतो. पाच वर्षे तो एकही हप्ता न चुकविता भरतो. म्हणजे पावणेअकरा लाखांहून अधिक रक्कम पेढीच्या तिजोरीत जमा करतो. या पाच वर्षांनंतर त्याच्या डोक्यावर मुद्दल किती उरते? सुमारे १७ लाख ७४ हजार. भरले पावणेअकरा लाख आणि मुद्दल उतरले सव्वादोन लाख! उरलेले सर्व व्याज. मासिक हप्त्याच्या गणिताची रचनाच अशी आहे की आरंभीच्या वर्षांत व्याजाचा वाटा मोठा व मुद्दलाचा वाटा लहान असतो. यात बेकायदा असे काही नाही. परंतु यामुळेच धनकोचे खरे हित कर्जदाराने शक्य तितका काळ कर्जात राहावे यात असते, हे ध्यानी ठेवावे लागते.

आता याच कर्जदाराला दुसरी पेढी ८ टक्क्यांनी कर्ज देऊ करते. उरलेल्या १५ वर्षांसाठी त्याचा हप्ता सुमारे १,०४० रुपयांनी कमी होईल. परंतु पहिली पेढी जाताना शिल्लक मुद्दलावर दोन टक्के मागते. म्हणजे सुमारे ३५,४८० रुपये. ही रक्कम भरून निघावयास त्याला नव्या पेढीत चौतीस महिने हप्ते भरावे लागतील. त्यावरचा कर आणि नव्या पेढीचे प्रक्रिया शुल्क वेगळेच. कर्जदार बोटे मोजतो, सुस्कारा सोडतो आणि जिथे आहे तिथेच राहतो. दोन टक्क्यांचे खरे कार्य ते हेच. ज्याने शुल्क भरले त्याच्याकडून वसूल झालेली रक्कम हा या आकारणीचा वरकड लाभ होय; तिचा मुख्य लाभ, ज्यांनी शुल्काच्या धास्तीने पाऊलच उचलले नाही त्यांच्याकडून वर्षानुवर्षे मिळणारे चढे व्याज हा आहे. दारावरील कुलुपाची किंमत कुलुपाच्या लोखंडात नसते, ते ज्याला कोंडून ठेवते त्यात असते.

स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्यांनी या ठिकाणी उत्तर द्यावयास हवे. १९९१ नंतर या देशाला रात्रंदिवस एकच मंत्र ऐकविण्यात आला: बाजार मुक्त करा, ग्राहक राजा होईल, न आवडलेल्या दुकानातून तो उठून दुसऱ्या दुकानात जाईल. आणि मग त्याच बाजारातील सर्वांत बलाढ्य दुकानदारांनी ग्राहक आत येताच दाराला कडी घातली! भांडवलाला देशोदेशी हिंडण्याचे स्वातंत्र्य. कर्जदाराला मात्र एका पेढीतून शेजारच्या पेढीत जाण्यासाठीही खंडणी. मुक्त बाजार म्हणतात तो हाच.

धनकोंची वकिली

या आकारणीच्या समर्थनार्थ जे युक्तिवाद केले जातात, ते तपासून पाहणे आवश्यक आहे. कारण त्यांतील एकात अंशतः तथ्य आहे, आणि विरोधकाच्या म्हणण्यातील तथ्य नाकारून कोणतेही आंदोलन बळकट होत नाही.

पहिला युक्तिवाद असा की, पेढी दीर्घ मुदतीच्या हिशेबाने ठेवी व कर्जे उभारते. कर्जदार मध्येच पैसे आणून टाकू लागला तर तिचा ताळमेळ बिघडतो. निश्चित व्याजदराच्या कर्जाबाबत हे काही अंशी खरे आहे. बाजारातील दर उतरले असताना १० टक्क्यांचे निश्चित दराचे कर्ज परत आले, तर ती रक्कम पुन्हा १० टक्क्यांनी लावता येत नाही. परंतु मग शुल्कही त्या प्रत्यक्ष तोट्याइतकेच असावयास हवे; आणि दर चढलेले असताना तर ते शून्य असावयास हवे, कारण तेव्हा परत आलेला पैसा पेढी अधिक दराने लावू शकते. प्रत्यक्षात दर चढोत वा उतरोत, आकारणी सरसकटच होत आली. आणि बदलत्या दराच्या कर्जाबाबत तर हा युक्तिवाद मुळातच लंगडा पडतो. बदलत्या दराचा अर्थच असा की, दरातील चढउताराची जोखीम कर्जदाराच्या शिरावर टाकलेली आहे. परत आलेला पैसा त्याच चालू दराने दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला देता येतो. जोखीम कर्जदाराने घ्यावयाची आणि जोखमीची भरपाई धनकोने मागावयाची, याला अर्थशास्त्र म्हणत नाहीत, मखलाशी म्हणतात.

दुसरा युक्तिवाद खर्चाचा. कर्ज देताना छाननी, मूल्यांकन, कायदेशीर तपासणी यांवर खर्च होतो, तो भरून यावयास हवा. परंतु प्रक्रिया शुल्क मग कशासाठी घेतले जाते? आणि खाते बंद करण्याचा खर्च शिल्लक मुद्दलाच्या टक्केवारीत कसा काय वाढतो? पाच लाखांचे खाते बंद करावयास आणि पन्नास लाखांचे खाते बंद करावयास लागणारी शाई, कागद व कारकुनाचा वेळ यांत दहापट अंतर असते काय?

तिसरा युक्तिवाद कराराचा: कर्जदाराने सही केली आहे, आता तक्रार कशाची? छापील कराराच्या चाळीस पानांवर, ज्यातील एक शब्दही बदलण्याची त्याला मुभा नाही, घराचा ताबा जाईल या धास्तीने जो सही करतो, त्याच्या संमतीला स्वतंत्र संमती म्हणणे हा शब्दच्छल आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ सालीच, सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या प्रकरणात, असमान बळाच्या पक्षांमधील अन्याय्य अटी न्यायालये लागू करणार नाहीत, असे तत्त्व सांगितले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करारा'ची जी व्याख्या आहे, तिच्यात कर्जाची मुदतपूर्व परतफेड स्वीकारण्यास नकार देणे आणि कराराच्या भंगाबद्दल नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लादणे, या दोहोंचा उल्लेख आहे. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे साठावे कलम. पैसे देय झाल्यावर ते चुकते करून गहाण सोडवून घेण्याचा हक्क हे कलम ऋणकोला देते, आणि त्या हक्काला खीळ घालणारी अट न्यायालये शतकाहून अधिक काळ संशयाने पाहत आली आहेत. गहाण हे गहाणच राहते, ते विक्रीचे आडवळण होऊ शकत नाही, हे तत्त्व साम्राज्यशाहीच्या न्यायालयांनाही मान्य होते.

सवलत नव्हे, हक्क

ही आकारणी आपोआप कमी झाली नाही. मुदतपूर्व परतफेडीच्या दंडाचा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेला, तेव्हा २०१० साली आयोगाने बहुमताने धनकोंच्या बाजूने कौल दिला. या प्रथेत स्पर्धाविरोधी असे काही त्याला आढळले नाही. परंतु तक्रारी थांबल्या नाहीत. त्याच वर्षी राष्ट्रीय आवास बँकेने गृहवित्त कंपन्यांना, कर्जदार स्वतःच्या पैशातून कर्ज फेडत असेल तर शुल्क घेऊ नये, असे सांगितले. आणि ऑक्टोबर २०११ मध्ये बदलत्या दराच्या गृहकर्जावर, पैसा कोठूनही आलेला असो, शुल्क घेण्यास मनाई केली. बँकांतील ग्राहकसेवेविषयी नेमलेल्या दामोदरन समितीने हाच मुद्दा उचलून धरला आणि ५ जून २०१२ रोजी रिझर्व्ह बँकेने बदलत्या दराच्या गृहकर्जावरील हे शुल्क बँकांना बंद करावयास लावले. मे २०१४ मध्ये हीच बंदी व्यक्तींना दिलेल्या बदलत्या दराच्या सर्व मुदत कर्जांना लागू झाली.

तरीही पळवाटा उरल्याच. सहकर्जदार म्हणून एखादे नाव जोडलेले आहे, सबब हे 'व्यक्तीचे' कर्ज नव्हे, असे सांगून शुल्क उकळले जाऊ लागले. ऑगस्ट २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेला, सहकर्जदार असो वा नसो, व्यवसायेतर कारणासाठी व्यक्तीला दिलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर शुल्क घेता येणार नाही, असा खुलासा करावा लागला. मग 'व्यवसायासाठी' या शब्दाचा आसरा घेण्यात आला. घर गहाण ठेवून टपरी, पिठाची गिरणी किंवा शिलाईयंत्रे घेणाऱ्याचे कर्ज व्यावसायिक ठरते, आणि संरक्षणाची सर्वाधिक गरज ज्याला, तोच संरक्षणाबाहेर राहतो. २ जुलै २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने जे निर्देश काढले, त्यांनी १ जानेवारी २०२६ पासून मंजूर वा नूतनीकृत होणाऱ्या बदलत्या दराच्या कर्जांपुरती ही वाट बरीचशी बंद केली. व्यापारी बँका व मोठ्या वित्तकंपन्यांना व्यक्तींच्या आणि सूक्ष्म व लघु उद्योगांच्या व्यावसायिक कर्जावरही असे शुल्क घेता येणार नाही. लघु वित्त बँका, प्रादेशिक ग्रामीण बँका यांसारख्या संस्थांना ५० लाखांपर्यंतच्या कर्जावर ते घेता येणार नाही. पैसा कोठून आणला हे विचारावयाचे नाही आणि अमुक वर्षे कर्ज ठेवलेच पाहिजे अशी अटही घालावयाची नाही.

म्हणजे पहिल्या आदेशापासून दीड दशकाचा काळ लोटला, तेव्हा कोठे छोट्या उद्योजकाच्या दारात हा हक्क पोचला. आणि तोही केवळ नव्या कर्जदाराच्या. २०१२ चा आदेश निघाला तेव्हा तो पुढच्या आकारणीपुरताच होता. आधीच्या वर्षांत जे उकळले गेले ते व्याजासह परत करा, असे त्या आदेशात कोठेही म्हटले नव्हते. चोराला चोरी थांबवावयास सांगितले, मुद्देमाल मात्र त्याच्याच घरी राहू दिला.

विलायतेतील धडा

भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या ब्रिटनमध्ये याच प्रश्नाने दुसरे वळण घेतले, ते येथील कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखे आहे. तेथे गृहकर्ज फेडून खाते बंद करताना 'निर्गमन प्रशासन शुल्क' घेण्याची प्रथा होती. करार करताना ते लहान असे. परंतु धनको कराराच्या मुदतीतच ते मनमानीने वाढवीत गेले आणि काही ठिकाणी ते २०० पौंडांच्याही वर पोचले. करारात शुल्क बदलण्याचा अधिकार धनकोने स्वतःकडे राखून ठेवला होता, पण तो कोणत्या कारणासाठी व कोणत्या मर्यादेत वापरावयाचा याचा पत्ता नव्हता. तेथील १९९९ च्या अनुचित करारशर्तींविषयीच्या नियमांखाली हे टिकण्यासारखे नव्हते. ग्राहक संघटनांनी गिल्ला केला आणि जानेवारी २००७ मध्ये वित्तीय सेवा प्राधिकरणाने धनकोंना सांगितले की, करार करताना जे शुल्क दाखविले तेवढेच घ्या, नाही तर वाढीचे समर्थन करून दाखवा. परिणामी, ज्यांनी पूर्वीच जादा शुल्क भरले होते त्यांनी तक्रारी गुदरल्या आणि फरकाच्या रकमा परत मिळविल्या.

या घटनेतून दोन धडे निघतात. पहिला असा की, वसूल झालेली रक्कमही परत मागता येते. 'झाले ते झाले' हे धनकोंचे तत्त्वज्ञान आहे, कायद्याचे नव्हे. दुसरा धडा अधिक कडू आहे. पैसा परत मिळाला तो बहुतांशी मागणाऱ्याला. ज्याला कागद वाचता आला, पत्र लिहिता आले, पाठपुरावा करता आला, त्याच्या हाती फरक पडला; ज्याला हे जमले नाही त्याचा पैसा धनकोच्या नफ्यात विरून गेला. पुढे कर्जविम्याच्या परताव्यांच्या प्रकरणात तर ब्रिटनमध्ये दावे चालवून देणाऱ्या दलाल कंपन्यांचे पीक आले आणि परताव्यातील मोठा वाटा त्यांनी गिळला. अखेर २०१८ मध्ये कायद्याने त्यांच्या दलालीला मर्यादा घालावी लागली. संघटना जेथे पोचत नाही, तेथे दलाल पोचतो.

नवी नावे, जुनाच धंदा

येथे काही जण म्हणतील की, शुल्क बंद झाले, प्रश्न मिटला. प्रश्न मिटलेला नाही. त्याने वेष पालटला आहे. २९ एप्रिल २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने काढलेल्या परिपत्रकात तिच्याच तपासणीत आढळलेले प्रकार नमूद आहेत. कर्जाची रक्कम प्रत्यक्ष हाती देण्यापूर्वीच, मंजुरीच्या वा कराराच्या तारखेपासून व्याज लावले जात होते. महिन्याच्या मध्ये पैसे दिले वा परत आले तरी संपूर्ण महिन्याचे व्याज घेतले जात होते. काही हप्ते आगाऊ वसूल करून व्याज मात्र संपूर्ण रकमेवर आकारले जात होते. ही कोणा आंदोलकाची तक्रार नव्हे, नियंत्रकाचीच नोंद आहे. आणि याच परिपत्रकात असे जादा व्याज व आकार ग्राहकांना परत करण्यास सांगितले आहे. कार्यकर्त्यांनी हा शब्द अधोरेखित करून ठेवावा: परत करण्यास.

कागदपत्रांचेही तसेच. कर्ज संपूर्ण फिटले तरी घराचे मूळ दस्तऐवज महिनोन्महिने परत न देणे, सातबाऱ्यावरील वा मालमत्तापत्रकावरील बोजा उतरवून न देणे, हा कर्जदाराला ताटकळत ठेवण्याचा जुना उपाय. १३ सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणे व नोंदविलेला बोजा काढणे बंधनकारक आहे. धनकोच्या दोषाने विलंब झाल्यास दर दिवसास ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला द्यावी लागते. हा हक्क किती कर्जदारांना ठाऊक आहे? शाखेच्या भिंतीवर नव्या कर्जयोजनांची रंगीत चित्रे लागतात. हा आदेश कोठे लागतो?

तिसरा वेष व्याजदराचाच आहे. बाजारातील दर वाढले की जुन्या कर्जदाराचा दर तत्काळ वाढावा आणि उतरले की तो जागच्या जागी राहावा, नवा गिऱ्हाईक मात्र कमी दराने आणावा, हा खेळ वर्षानुवर्षे चालला. रिझर्व्ह बँकेच्या अंतर्गत अभ्यासगटाने २०१७ मध्ये बँका पायाभूत दराच्या गणितात मनमानी फेरफार करीत असल्याचे दाखवून दिले; त्यानंतर १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य मानदंडाशी जोडावी लागली. गृहवित्त कंपन्यांना मात्र हे बंधन नाही. त्यांचा मूळ दर त्याच ठरवितात, आणि जुन्या कर्जदाराला नवा दर हवा असेल तर 'रूपांतर शुल्क' मागतात. बाहेर पडण्याचे शुल्क बंद झाले, म्हणून आत राहण्याचे शुल्क सुरू झाले!

सुप्याची आठवण

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि पुढे पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव हा उठाव पसरला. इतिहासात नोंद अशी आहे की, त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती आले ते त्यांनी जाळले. निरक्षर कुणब्याला एवढे नेमके समजले होते की त्याला बांधणारा दोर तिजोरीत नसून कागदात आहे. त्या उठावाने सरकारला चौकशी नेमावी लागली आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. या कायद्याची थोरवी अशी की, त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन पाहण्याचा अधिकार दिला. कागदावर काय लिहिले आहे एवढ्यावर न थांबता प्रत्यक्ष किती दिले, किती फेडले, व्याज कसे लावले, याचा व्यवहाराच्या आरंभापासून हिशेब घेणे न्यायालयाचे कर्तव्य ठरले. व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा नियम तर मुंबई इलाख्यातील न्यायालये त्याआधीपासून मानीत होती.

परकीय सत्तेने कुणब्याला दिलेला हा अधिकार स्वतंत्र भारताने बँकेच्या कर्जदाराकडून काढून घेतला, हे सांगताना लाज वाटावी. १९८४ साली बँकिंग नियमन कायद्यात २१-अ हे कलम घुसविण्यात आले. व्याजदर अवाजवी आहे या कारणास्तव बँकेचा व्यवहार न्यायालयाला पुन्हा उघडता येणार नाही, असे ते सांगते. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले ते बँका जनतेच्या व्हाव्यात म्हणून. पंधरा वर्षांत कायदा असा झाला की जनतेने बँकेला हिशेब विचारू नये. पुढे खासगी बँका आल्या आणि सार्वजनिक हितासाठी म्हणून उभारलेल्या या भिंतीआड त्याही सुखाने नांदू लागल्या. तथापि ही भिंत दिसते तितकी अभेद्य नाही. ती व्याजदराच्या अवाजवीपणापुरती आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांचे उल्लंघन करून लावलेले व्याज ग्राह्य धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ साली स्पष्ट केले आहे. चुकीने वा दडपणाखाली दिलेला पैसा घेणाऱ्याने परत केला पाहिजे, असे १८७२ च्या करार कायद्याचे ७२ वे कलम सांगते. हत्यारे आहेत, ती उचलणारे हात हवेत.

'हा पांढरपेशांचा प्रश्न'

या ठिकाणी समाजवादी चळवळीतील काहींकडून घेतला जाणारा आक्षेप विचारात घेतला पाहिजे. ज्याच्याकडे फ्लॅट आहे, ज्याला २० लाखांचे कर्ज मिळते, त्याचे परतावे मिळवून देणे हे श्रमिकांच्या पक्षाचे काम आहे काय? बेघर, कंत्राटी, भूमिहीन यांचे प्रश्न टाकून पांढरपेशांच्या खातेउताऱ्यांत डोके घालावयाचे काय?

हा आक्षेप कर्णमधुर आहे, पण वास्तवाला धरून नाही. सरकारने व महापालिकांनी परवडणारी घरे बांधण्यातून अंग काढून घेतले, गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले, भाड्याची घरे दुर्मिळ झाली. तेव्हा कल्याण, विरार, पिंपरी, नाशिक येथील कामगाराला कर्जाशिवाय छप्पर मिळण्याची सोयच उरली नाही. पूर्वी कामगाराचे शोषण कारखान्याच्या दारात संपत असे असे नव्हे. वाण्याचे दुकान आणि चाळीचा मालक बाहेर उभेच असत. आज त्या जागी मासिक हप्ता उभा आहे. वेतनवाढीचा करार करून संघटनेने मिळविलेले हजार रुपये व्याजाच्या एका टक्क्यात परत जात असतील, तर वेतनाची लढाई अर्धीच लढली गेली, असे म्हणावे लागेल. शिवाय हप्त्याच्या धास्तीने संपात उतरण्यास कचरणारा कामगार प्रत्येक संघटकाच्या परिचयाचा आहे. ज्याच्या घराचे कागद तिजोरीत अडकले आहेत, त्याची मूठही तेथेच अडकलेली असते.

आणि जो खरोखर गरीब आहे, त्याला हा जाच अधिकच सोसावा लागतो. बड्या पगारदाराला बाह्य मानदंडाशी जोडलेले बँकेचे कर्ज मिळते. उत्पन्नाचा दाखला नसलेल्या रिक्षाचालकाला वा फेरीवाल्याला गृहवित्त कंपनीच्या चढ्या दराच्या कर्जावर वा निश्चित दराच्या कर्जावर भागवावे लागते, जेथे मुदतपूर्व शुल्काची बंदी सरसकट लागू नाही. रिझर्व्ह बँकेचे निर्देश पतसंस्थांना लागू होत नाहीत. तेथील कर्जदाराला हेच संरक्षण राज्याच्या सहकार खात्याकडून झगडून मिळवावे लागेल. म्हणजे हा प्रश्न पांढरपेशापाशी सुरू होत असला, तरी तेथे संपत नाही. पांढरपेशाने मिळविलेला हक्क खालच्या थरापर्यंत ओढून नेणे, हेच तर पक्षाचे काम.

करावयाचे काय?

प्रत्येक शहर शाखेने आठवड्यातून एक संध्याकाळ कर्जदारांच्या हिशेबासाठी राखून ठेवावी. कर्जदाराने मंजुरीपत्र, करारनामा, आरंभीपासूनचा खातेउतारा आणि कर्ज बंद केले असल्यास त्यावेळचे हिशेबपत्रक आणावे. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या किरकोळ कर्जांसाठी ठळक तथ्यांचे विवरणपत्र देणे सक्तीचे झाले आहे. त्यात न दाखविलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीविना लावता येत नाही, म्हणून ते पत्रक आधी पाहावे. तीन प्रश्न विचारावेत: पैसे हाती पडण्यापूर्वीचे व्याज लागले काय? बदलत्या दराच्या कर्जावर बंदीनंतरही मुदतपूर्व शुल्क घेतले काय? कागद ३० दिवसांत मिळाले काय? यांतील एकाचेही उत्तर प्रतिकूल आले, तर तारीख व रक्कम लिहून, परिपत्रकाचा दाखला देऊन धनकोकडे लेखी मागणी करावी आणि पोच घ्यावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर बँक वा वित्तकंपनीविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, आणि गृहवित्त कंपनीविरुद्ध राष्ट्रीय आवास बँकेकडे विनाशुल्क तक्रार करता येते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. परंतु तेथे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, याचे भान ठेवावे. वीस वर्षांपूर्वीचे शुल्क परत मिळेल असे खोटे आश्वासन कोणालाही देऊ नये. आणि या कामाबद्दल कोणत्याही कार्यकर्त्याने कर्जदाराकडून परताव्यातील एक रुपयाही घेऊ नये. ज्या दिवशी तो घेईल, त्या दिवशी तो कार्यकर्ता उरणार नाही, दलाल होईल.

परंतु एकेका खात्याचा हिशेब हे साधन आहे, साध्य नव्हे. शंभर कर्जदारांचे उतारे एकत्र मांडले की तक्रारीचे रूपांतर मागणीत होते. मागण्या स्पष्ट आहेत. नियमबाह्य आकारणी उघडकीस आली की त्या पेढीने तक्रारीची वाट न पाहता त्या प्रकारच्या सर्व खात्यांत रक्कम व्याजासह जमा करावी. निश्चित दराच्या लहान कर्जांवरील शुल्क प्रत्यक्ष तोट्यापुरतेच मर्यादित व्हावे. गृहवित्त कंपन्यांच्या दरांनाही बाह्य मानदंड लागू व्हावा. पतसंस्थांच्या कर्जदारांना हेच संरक्षण मिळावे. आणि कलम २१-अ रद्द करून, १८७९ साली कुणब्याला मिळालेला हिशेब मागण्याचा हक्क आजच्या कर्जदाराला परत मिळावा.

सुप्याच्या शेतकऱ्यांपाशी रोखे जाळण्यावाचून दुसरा मार्ग ठेवलेला नव्हता. आजच्या कर्जदाराने रोखे जाळावयाचे नाहीत, वाचावयाचे आहेत. एकट्याने नव्हे, शेजाऱ्याला सोबत घेऊन, मोठ्याने. ज्या कागदाच्या बळावर धनको वसुली करतो, त्याच कागदाच्या बळावर त्याच्याकडून वसुली करता येते, हे एकदा कामगारवस्तीला उमगले की जकातनाक्यावरील पावतीबुके आपोआप गुंडाळली जातील.